विश्लेषण : एकटा हायड्रोजन पारदर्शक, टक्कर झाली की अपारदर्शक! ‘टक्करप्रेरित शोषण’ म्हणजे काय?

हायड्रोजनचा रेणू एकटा असेल तर उष्णतेचे अवरक्त किरण त्याच्यातून जवळपास आरपार जातात. दोन रेणू एकमेकांवर आदळले, की त्या क्षणापुरते तेच किरण शोषले जातात. गुरू-शनीचे तापमान, मंगळावरच्या प्राचीन नद्या आणि परग्रहांवरील समुद्रांची शक्यता या साऱ्यांचा हिशेब या क्षणभराच्या टकरीशी जोडलेला आहे. ही प्रक्रिया नेमकी कशी घडते आणि ती इतकी महत्त्वाची का, याचा आढावा.

एप्रिल २०२५ मध्ये ‘के२-१८बी’ हा ग्रह जगभर चर्चेत आला. केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडसारख्या रेणूंच्या खुणा दिसत असल्याचे सांगितले. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. साहजिकच ‘परग्रहावर जीवसृष्टी?’ असे मथळे झळकले. अनेक शास्त्रज्ञांनी त्या खुणांवर शंका घेतली आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

या गदारोळात त्याआधीचा एक प्रश्न मागे पडला. या ग्रहावर समुद्र असलाच, तर त्यातले पाणी द्रवरूप राहील, की त्याची वाफ होईल? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ग्रहाभोवतीच्या हायड्रोजनच्या आवरणावर अवलंबून आहे. पण हायड्रोजन तर उष्णतेचे किरण शोषतच नाही, असे पाठ्यपुस्तक सांगते. मग तो ग्रहाला तापवणार कसा?

अवरक्त किरण रेणू कसे शोषतात?

आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापलीकडच्या लांब तरंगांना अवरक्त किरण म्हणतात. तापलेला तवा, दुपारी तापलेला डांबरी रस्ता, आपले शरीर, एवढेच काय, बर्फाची लादीसुद्धा असे किरण बाहेर टाकत असते. पृथ्वी सूर्याकडून मिळालेली उष्णता अवकाशात परत पाठवते, तीही याच रूपात.

प्रकाश हे विद्युतचुंबकीय तरंग असल्याने त्याच्यासोबत विद्युत क्षेत्र वरखाली होत असते. रेणूने हे तरंग शोषायचे, तर त्या क्षेत्राला पकडता येईल असे काहीतरी रेणूत असावे लागते. रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असेल, तर त्याला द्विध्रुव म्हणतात. असा रेणू फिरू लागला किंवा स्प्रिंगसारखा कंप पावू लागला, की तो एखाद्या इवल्याशा अँटेनासारखा वागतो. त्याच्या हालचालीशी जुळणारा तरंग आला, की तो ती ऊर्जा उचलतो.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू ऋण आणि हायड्रोजनची बाजू धन असते. म्हणून वाफ अवरक्त किरण भरपूर शोषते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ आणि समतोल असतो. मात्र तो वाकतो किंवा त्याची एक बाजू ताणली जाते, तेव्हा तो समतोल ढळतो आणि शोषण होते. हरितगृह परिणामाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

मग हायड्रोजन याला अपवाद का?

हायड्रोजनच्या रेणूत दोन एकसारखे अणू असतात. त्यातल्या एकाने इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढावेत, असे काही कारणच नसते. रेणू फिरला तरी दोन्ही बाजू सारख्या आणि ताणला गेला तरी सारख्याच. त्याचा समतोल कधीच ढळत नाही. त्यामुळे अवरक्त किरणांना धरायला जागाच मिळत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचेही तसेच. आपल्या हवेचा ९९ टक्के भाग या दोन वायूंचा असूनही हरितगृह परिणामात त्यांचे नाव येत नाही, ते यामुळे.

याचा अर्थ हायड्रोजनचा रेणू स्तब्ध असतो असे नाही. तो सेकंदाला सुमारे १२५ लाख कोटी वेळा कंप पावू शकतो. या कंपनाशी जुळणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी २.४ मायक्रोमीटर, म्हणजे थेट अवरक्त पट्ट्यात येते. तरीही त्या तरंगाला हा रेणू जवळपास प्रतिसाद देत नाही. ‘जवळपास’ म्हणायचे कारण, अतिशय क्षीण अशा काही रेषा एकट्या रेणूतही उमटतात. कॅनडात काम करणारे गेऱ्हार्ड हर्ट्झबर्ग यांनी त्यांचे भाकीत १९३८ मध्ये केले आणि १९४९ मध्ये त्या प्रयोगशाळेत पाहिल्या. पण त्या इतक्या फिक्या असतात, की वातावरणाच्या तापमानाचा हिशेब त्यांच्यावर चालत नाही.

हे दडलेले कंपन पाहण्याची एक वाट भारतातूनही गेली आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामात रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. त्यासाठी रेणूला द्विध्रुव असण्याची गरज नसते. प्रकाशाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनचा ढग किती सहज ताणला जातो, हे कंपनासोबत बदलले तरी पुरते. त्यामुळे पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, रामन परिणामाच्या साहाय्याने हायड्रोजनचे कंपन आणि फिरणे नोंदवले गेले. अवरक्त शोषणात मात्र हा वायू अदृश्यच राहिला.

टकरीत नेमके काय घडते?

एका हाताने टाळी वाजत नाही. हायड्रोजनचे अवरक्त शोषणही एका रेणूने होत नाही, त्याला दुसरा लागतो.

हायड्रोजनच्या रेणूला द्विध्रुव नसला, तरी त्यातला विद्युतभार अगदी सारखा पसरलेला नसतो. रेणूची दोन्ही टोके किंचित धन आणि मधला भाग किंचित ऋण असतो. अशा रचनेला चतुर्ध्रुव म्हणतात. तिचे विद्युत क्षेत्र फार लांब पोहोचत नाही, पण अगदी जवळ आलेल्या शेजाऱ्याला ते जाणवते. शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉनचा ढग त्यामुळे एका बाजूला सरकतो आणि त्या रेणूला तात्पुरता द्विध्रुव मिळतो. रेणू आणखी जवळ आले, की दोघांचे इलेक्ट्रॉनचे ढग एकमेकांत घुसू पाहतात, एकमेकांना ढकलतात आणि भाराची मांडणी पुन्हा बदलते.

इथे एक शंका येईल. दोन रेणू एकसारखेच, मग त्यांची जोडीही समतोल नको का? दोन्ही रेणू अगदी सारख्या दिशेने उभे असतील, तर जोडी समतोल राहीलही. पण हे रेणू काडीसारखे लांबट असतात आणि सतत फिरत असतात. एक आडवा आणि एक उभा अशा स्थितीत ते भेटले, की समतोल बिघडतो. हेलियमच्या दोन अणूंबाबत असे होत नाही. ते गोल आणि एकसारखे असल्याने त्यांच्या जोडीला द्विध्रुव मिळत नाही. हायड्रोजनचा रेणू हेलियमच्या अणूवर आदळला तर मात्र मिळतो, कारण ती जोडीच विजोड असते. हा फरक पुढे गुरूचा अभ्यास करताना फार उपयोगी पडला.

ही भेट किती वेळ टिकते? सेकंदाच्या साधारण दहा लाख कोटीव्या भागाइतकी. एवढ्या वेळात रेणूची जेमतेम दहा-बारा कंपने होतात. तेवढ्या अवधीत तिथून अवरक्त किरण जात असेल, तर जोडी तो शोषू शकते. रेणू दूर गेले, की द्विध्रुव नाहीसा होतो, पण शोषलेली ऊर्जा रेणूंकडे राहते. याच प्रक्रियेला ‘टक्करप्रेरित शोषण’ म्हणतात.

दाब दुप्पट, तर शोषण चौपट?

नेहमीच्या वायूत रेणूंची संख्या दुप्पट केली, की तेवढ्याच जागेतले शोषण साधारण दुप्पट होते. इथे शोषण एकेका रेणूकडून होत नाही, तर जोडीकडून होते. त्यामुळे हिशेब बदलतो. एखाद्या खोलीत १० माणसे असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, तर ४५ वेळा हात मिळवले जातील. माणसे २० झाली तर १९० वेळा. माणसे दुप्पट, पण भेटी चौपटीहून थोड्या जास्त. रेणूंची संख्या प्रचंड असते तेव्हा हे प्रमाण नेमके चौपट होते. घनता दहापट वाढली, तर शोषण शंभरपट वाढते.

आपल्या नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला हायड्रोजनचा एक रेणू सेकंदाला हजार कोटींहून अधिक वेळा इतरांवर आदळतो. ही संख्या मोठी वाटते, पण प्रत्येक टक्कर इतकी अल्पकाळ टिकते, की रेणूचा जेमतेम हजारावा भाग वेळ टकरीत जातो. वर त्या वेळात मिळणारा द्विध्रुवही दुबळाच. म्हणून फुग्यातला हायड्रोजन अवरक्त किरणांना पारदर्शक वाटतो. पण तोच वायू दाबून भरला, किंवा त्याचा थर मैलोन्‌मैल जाड असला, तर चित्र पालटते. गुरूच्या वातावरणात दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

वर्णपटात रुंद पट्टे का दिसतात?

वायूंचे शोषण वर्णपटात बहुधा बारीक, रेखीव काळ्या रेषांच्या रूपात दिसते. टक्करप्रेरित शोषणात मात्र रुंद, पसरट पट्टे दिसतात. कारण पुन्हा टकरीच्या अल्पायुष्यात आहे. तानपुऱ्याची तार बराच वेळ झंकारत राहते, म्हणून तिचा स्वर ओळखता येतो. दारावर मारलेली टिचकी क्षणात संपते, तिचा स्वर सांगता येत नाही. जो संकेत फार थोडा वेळ टिकतो, त्याची कंप्रता नेमकी नसते, ती पसरलेली असते.

शिवाय टकरीनंतर रेणू आधीपेक्षा कमी-जास्त वेगाने दूर जाऊ शकतात. किरणाची ऊर्जा कंपनाला लागणाऱ्या ऊर्जेशी तंतोतंत जुळली नाही, तरी उरलेला फरक रेणूंच्या वेगात जिरतो. त्यामुळे २.४ मायक्रोमीटरच्या आसपास एक रुंद पट्टा मिळतो. त्याच्या निम्म्या तरंगलांबीला, १.२ मायक्रोमीटरजवळ, आणखी एक क्षीण पट्टा असतो. दूरच्या अवरक्त भागात १७ आणि २८ मायक्रोमीटरच्या आसपास रेणूच्या फिरण्याशी संबंधित पट्टे असतात. थंड ग्रह आपली उष्णता नेमकी याच दूरच्या भागात बाहेर टाकतात. सलग पसरलेले हे पट्टे फटी बुजवतात. बारीक रेषांच्या मधून जी उष्णता निसटली असती, तीही अडते.

हा शोध कसा लागला?

याची पहिली चाहूल हायड्रोजनमध्ये लागली नाही, ती ऑक्सिजनमध्ये लागली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी १८८०च्या दशकात दाबाखालच्या ऑक्सिजनचा वर्णपट पाहिला. त्यातल्या काही पट्ट्यांची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. हेच जान्सेन १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला भारतात, गुंटूर येथे आले होते. त्या ग्रहणातील सूर्याच्या वर्णपटाच्या निरीक्षणांमधून पुढे हेलियमचा शोध लागला. द्रवरूप ऑक्सिजनला जी फिकट निळी छटा असते, तीही ऑक्सिजनच्या जोड्यांमुळेच. शेजारी असलेले दोन रेणू मिळून लाल प्रकाश शोषतात आणि निळा उरतो.

अवरक्त भागातला निर्णायक प्रयोग १९४९ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठात झाला. हॅरी वेल्श, क्रॉफर्ड आणि लॉक यांनी दाबाखालच्या ऑक्सिजन व नायट्रोजनमध्ये आणि त्याच वर्षी हायड्रोजनमध्येही अवरक्त शोषण नोंदवले. जे शोषण एकट्या रेणूला वर्ज्य होते, ते दाब वाढवताच स्पष्ट दिसू लागले. पुढची काही दशके टोरांटो हे या विषयाचे माहेरघर राहिले. तिथे वायूसोबतच द्रव आणि घन हायड्रोजनमधल्या शोषणाचाही अभ्यास झाला.

युरेनसवरचे कोडे कसे सुटले?

त्याच सुमारास अमेरिकेत जेरार्ड काइपर यांना युरेनस आणि नेपच्यून यांच्या वर्णपटात ०.८२७ मायक्रोमीटरला एक पसरट पट्टा दिसला होता. तो कोणत्या वायूचा, हे कळत नव्हते. या ग्रहांवर हायड्रोजन भरपूर असावा, असा अंदाज होता. पण जो वायू अवरक्त किरणांना दादच देत नाही, त्याचा पुरावा दुर्बिणीतून कसा मिळणार?

हर्ट्झबर्ग यांनी हे कोडे सोडवले. त्यांनी हायड्रोजनवर सुमारे १०० वातावरणांइतका दाब दिला आणि तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात, उणे १९५ अंश सेल्सियसपर्यंत, थंड केला. आरशांमधून पुन्हापुन्हा ये-जा करवून प्रकाशाला या वायूतून ८० मीटरचा प्रवास घडवला. तेव्हा बरोबर त्याच जागी तसाच पसरट पट्टा उमटला. हे निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. युरेनस आणि नेपच्यूनवर रेणुरूप हायड्रोजन असल्याचा हा वर्णपटातून मिळालेला थेट पुरावा होता. हर्ट्झबर्ग यांना पुढे १९७१ मध्ये रेणूंच्या रचनेवरील संशोधनासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरू आणि शनीबद्दल काय कळले?

‘व्हॉयेजर’ याने १९७९ मध्ये गुरूजवळून आणि १९८० व १९८१ मध्ये शनीजवळून गेली. त्यांच्यावरील अवरक्त वर्णपटमापकाला दूरच्या अवरक्त भागात हायड्रोजनचे रुंद पट्टे ठळक दिसले. गुरूचे अवकाशातून मोजलेले सरासरी तापमान सुमारे १२४ केल्विन, म्हणजे उणे १४९ अंश सेल्सियस आहे. ही उष्णता वातावरणाच्या ज्या थरातून बाहेर पडते, तो थर कुठे असावा हे प्रामुख्याने टक्करप्रेरित शोषण ठरवते. गुरू सूर्याकडून शोषलेल्या ऊर्जेच्या जवळपास दुप्पट ऊर्जा बाहेर टाकतो. त्याच्या जन्मापासून उरलेली ही उष्णता किती वेगाने निसटते, हेही याच शोषणाच्या हाती आहे.

याहून महत्त्वाचा उपयोग हेलियम मोजण्यासाठी झाला. हेलियमचे स्वतःचे अवरक्त शोषण नसते. पण हायड्रोजन-हेलियम टकरींमुळे पट्ट्यांचा आकार किंचित बदलतो. त्यावरून गुरूवर वजनाच्या प्रमाणात सुमारे १८ टक्के हेलियम असल्याचा अंदाज निघाला. १९९५ मध्ये ‘गॅलिलिओ’ मोहिमेचे उपकरण थेट गुरूच्या वातावरणात उतरले. त्याने प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हे प्रमाण २३ टक्क्यांच्या वर भरले. त्यामुळे आधीच्या हिशेबाची फेरतपासणी झाली. शनीसाठी पूर्वी काढलेला सुमारे ६ टक्क्यांचा आकडा २००० मध्ये १८ ते २५ टक्के असा सुधारण्यात आला. शनीच्या पोटात हेलियमचे थेंब खाली पडतात आणि त्यातून उष्णता निघते, असे मानले जाते. तिथे किती हेलियम वर उरले आहे, यावर या कल्पनेचा ताळेबंद बसतो. म्हणून वर्णपटातला हा बारकावा महागात पडू शकतो.

‘व्हॉयेजर’च्या नोंदींत आणखी एक गोष्ट सापडली. रुंद पट्ट्यांच्या मधोमध काही बारीक चढउतार होते. हायड्रोजनचे दोन रेणू आदळून लगेच दूर न जाता थोडा काळ एकमेकांना धरून राहतात, त्या सैल जोड्यांच्या या खुणा असल्याचे १९८४ मध्ये स्पष्ट झाले.

टायटन आणि मंगळाचा काय संबंध?

शनीचा चंद्र टायटन हे या प्रक्रियेचे चांगले उदाहरण आहे. त्याचे वातावरण प्रामुख्याने नायट्रोजनचे, सोबत मिथेन आणि एक टक्क्याहूनही कमी हायड्रोजन. तिथला हरितगृह परिणाम मुख्यतः नायट्रोजन-नायट्रोजन, नायट्रोजन-मिथेन आणि नायट्रोजन-हायड्रोजन यांच्या टकरींतून येतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार या परिणामाने टायटनचा पृष्ठभाग सुमारे २१ अंशांनी तापतो. वरचे धुके सूर्यप्रकाश अडवून त्यातले ९ अंश परत घेते. हायड्रोजनचे प्रमाण नगण्य असले, तरी इतर जोड्या ज्या तरंगलांबी मोकळ्या सोडतात, त्या तो झाकतो.

मंगळावर कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रे आहेत. साडेतीन-पावणेचार अब्ज वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहिले असावे. पण तेव्हा सूर्य आजच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतकाच तेजस्वी होता. फक्त कार्बन डायऑक्साइडच्या जाड वातावरणाने मंगळ गोठणबिंदूच्या वर जात नाही, असे प्रारूपे सांगतात. २०१४ मध्ये रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी मांडले, की त्यात ५ ते २० टक्के हायड्रोजन मिसळला तर पाणी वाहू शकेल इतकी उष्णता टिकू शकते. हा हायड्रोजन ज्वालामुखींतून आला असू शकतो.

अडचण अशी होती, की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या टकरींचे मोजमापच उपलब्ध नव्हते. म्हणून हायड्रोजन-नायट्रोजन टकरींचे आकडे वापरले गेले. २०१७ मध्ये वर्ड्सवर्थ यांच्या गटाने गणिताने नवे आकडे काढले. ते बरेच जास्त निघाले, म्हणजे मंगळ तापवायला कमी हायड्रोजन पुरेल असे दिसले. त्यानंतर फ्रान्समधील ‘सोलेई’ या सिंक्रोट्रॉन प्रकाशस्रोतावर प्रत्यक्ष मोजणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत शोषण नायट्रोजनच्या तुलनेत जास्त, पण गणिताने सांगितल्यापेक्षा कमी भरले. अब्जावधी वर्षांपूर्वी मंगळावर पाऊस पडला की बर्फ, याचा निकाल काही अंशी एका नळीतल्या वायूच्या मोजमापावर ठरतो, तो असा.

म्हातारे तारे निळसर का दिसतात?

सूर्यासारखे तारे शेवटी श्वेत बटू होतात आणि अब्जावधी वर्षे थंड होत राहतात. थंड होणारी वस्तू तांबूस होत जाते, हा आपला अनुभव. पण ज्या श्वेत बटूंच्या वातावरणात हायड्रोजन असतो, ते पुरेसे थंड झाले की हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू बनतात. तिथली घनता प्रचंड असल्याने टक्करप्रेरित शोषण जोरात होते आणि अवरक्त प्रकाश अडतो. ताऱ्याला ऊर्जा तर बाहेर टाकायचीच असते. ती मग कमी तरंगलांबीतून निसटते आणि तारा अपेक्षेपेक्षा निळसर दिसतो. ब्रॅड हॅन्सन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडले आणि लगेचच्या काळात असे तारे सापडूही लागले. श्वेत बटूंच्या तापमानावरून आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांचे वय काढले जाते. शोषण चुकीचे धरले, तर वयही चुकते.

पृथ्वीवर याचा परिणाम होतो का?

आपल्या हवेत हायड्रोजनचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे अर्धा भाग एवढेच आहे. त्यामुळे त्याच्या टकरींतून होणारी थेट तापमानवाढ विचारात घेण्याजोगी नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या टकरींचा वाटा मात्र मोजता येतो. २०१२ मधील एका अभ्यासानुसार दोघे मिळून बाहेर जाणाऱ्या उष्णतेतले प्रति चौरस मीटर सुमारे ०.२८ वॅट अडवतात. हा वाटा नैसर्गिक आहे आणि त्यात माणसामुळे वाढ होत नाही.

तरीही हायड्रोजनची पारदर्शकता आपल्याला व्यवहारात भेटणार आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९ हजार ७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. मिथेनची गळती अवरक्त कॅमेऱ्यात धुरासारखी दिसते, कारण मिथेन ते किरण शोषतो. हायड्रोजनची गळती अशा कॅमेऱ्यात थेट दिसत नाही. नळीतून बाहेर पडताच वायू विरळ होतो, टकरी कमी होतात आणि शोषणही संपते. त्यामुळे गळती शोधायला रासायनिक संवेदक, गळतीचा बारीक आवाज टिपणारी उपकरणे किंवा रामन परिणामावर चालणारी यंत्रणा लागते.

निसटलेला हायड्रोजन निरुपद्रवी असतो, असेही नाही. हवेतील हायड्रॉक्सिल हा घटक मिथेनचा नायनाट करतो. हायड्रोजन तोच घटक खर्ची घालतो, त्यामुळे मिथेन जास्त काळ टिकतो. हा अप्रत्यक्ष परिणाम १०० वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ११ ते १२ पट भरतो.

मग ‘के२-१८बी’चे काय?

डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी १९९९ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली होती. कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या भटक्या ग्रहावरही हायड्रोजनचे जाड आवरण असेल, तर पोटातल्या उष्णतेवर पाणी द्रवरूप राहू शकेल. २०११ मध्ये पिएरहम्बर्ट आणि गायडोस यांनी गणित केले. पृथ्वीच्या तिप्पट वस्तुमानाच्या ग्रहावर ४० बार दाबाचा हायड्रोजन असेल, तर सूर्यासारख्या ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहापट दूरही पृष्ठभाग २८० केल्विन, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सियस राहू शकतो. आपल्या सूर्यमालेत ते अंतर साधारण शनीच्या कक्षेएवढे होते.

हेच आवरण जवळच्या ग्रहाला घातक ठरू शकते. ‘के२-१८बी’ सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेआठ पटींहून थोडे जास्त आहे. त्याला आपल्या ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा जवळपास पृथ्वीला सूर्याकडून मिळते तेवढीच आहे. एवढ्या उबेत हायड्रोजनची जाड गोधडी पांघरली, तर समुद्र उकळून जाण्याचा धोका असतो. इनेस, त्साई आणि पिएरहम्बर्ट यांनी २०२३ मध्ये हाच इशारा दिला. हायड्रोजनच्या आवरणातले सागरी ग्रह वाफाळून न जाण्यासाठी ताऱ्यापासून बरेच दूर असावे लागतील, असे त्यांचे गणित सांगते. वरच्या ढगांनी पुरेसा प्रकाश परत फेकला, तर समुद्र वाचेल, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. तिथे समुद्र नसून वायूंचे खोल आवरणच असावे, असे मानणाराही एक गट आहे.

पुढे काय?

या साऱ्या गणितांचा पाया प्रयोगशाळेत आणि संगणकावर घातला जातो. टेक्सास विद्यापीठातील लोथर फ्रॉमहोल्ड आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन-हायड्रोजन व हायड्रोजन-हेलियम जोड्यांची गणिते वर्षानुवर्षे केली. २०११ मध्ये तर त्यांनी हजारो केल्विन तापमानापर्यंतचे आकडे दिले. वर्णपटांची जगभर वापरली जाणारी ‘हिट्रान’ ही माहितीपेढी २०१२ पासून टकरींचे आकडेही देते. हायड्रोजन-हायड्रोजन जोडीबद्दलची माहिती आता बऱ्यापैकी पक्की आहे. हायड्रोजनसोबत पाण्याची वाफ, मिथेन किंवा कार्बन डायऑक्साइड अशा मिश्र जोड्यांबद्दल, विशेषतः जास्त तापमानाला, मोजमापे अजून विरळ आहेत. नेमके हेच वायू दूरच्या ग्रहांवर एकत्र सापडत आहेत.

म्हणून ‘अमुक ग्रहावर पाण्याला पोषक तापमान’ अशी बातमी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दुर्बीण ग्रहावरचे वायू ओळखते, पण जमिनीवरचे किंवा समुद्रावरचे तापमान ती थेट मोजत नाही. ते गणिताने काढले जाते आणि त्या गणितात दोन रेणूंच्या क्षणभराच्या टकरीचा आकडा असतो. तो आकडा जितका पक्का, तितकाच त्या ग्रहावरच्या समुद्राबद्दलचा दावा पक्का.